जुन्या सायकलीला नवीं चाकें

थोरल्या भावाची सायकल धाकट्याकडे यावी, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. अंगरखा आंखूड होतो, पुस्तकें बदलतात, पण लोखंडाचा सांगाडा वर्षानुवर्षें टिकतो. आणि म्हणूनच एखाद्या घराच्या जिन्याखालीं किंवा माळ्यावर बुटकी, दणकट, वीस इंची चाकांची सायकल धूळ खात पडलेली आढळते. कोणाच्या मामानें ती परदेशाहून आणलेली असते, तर कोणाच्या वडिलांनीं जुन्या बाजारांत घेतलेली असते. या जातीच्या सायकलीला बी. एम्. एक्स्. असें नांव आहे. तिचा सांगाडा शाबूत असतो, हँडल नीट असतें. बिघडलेलीं असतात तीं चाकें. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, "ही भंगारांत घाला." मुलें म्हणतात, "हिला नवीं रंगीत चाकें आणा." आमच्या मतें दोन्ही पक्ष घाई करतात. जुन्या सायकलीला चाकें अवश्य घ्यावीं. परंतु तीं रंग पाहून न घेतां माप पाहून घ्यावीं, आणि निवडतांना 'ही किती वेगानें पळेल?' या प्रश्नाच्या आधीं 'ही भर पावसांत कोठें थांबेल?' हा प्रश्न विचारावा. हेंच मत आम्ही कारणांसह विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडणार आहों.

ही सायकल मूळची कोठली हें आधीं पाहूं, म्हणजे तिच्या चाकांचा स्वभाव कळेल. अमेरिकेंत १९६३ सालीं श्विन कंपनीनें 'स्टिंग-रे' नांवाची वीस इंची चाकांची, मुलांची सायकल काढली. कॅलिफोर्निया संस्थानाच्या दक्षिण भागांतील मुलें ती घेऊन मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारूं लागलीं. मोटार-सायकलींच्या 'मोटोक्रॉस' नांवाच्या शर्यती तीं पाहत असत, व त्यांचीच ही नक्कल होती. नोव्हेंबर १९७० मध्यें लाँग बीच या शहरीं स्कॉट ब्राइटहॉप्ट नांवाच्या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलानें अशा शर्यती स्वतः भरविण्यास आरंभ केला. १९७१ सालच्या 'ऑन एनी संडे' या चित्रपटाच्या आरंभींच अशीं सायकलस्वार मुलें दिसतात, आणि त्या चित्रपटामुळें हा खेळ दूरवर पसरला. 'बायसिकल मोटोक्रॉस' या दोन शब्दांवरून बी. एम्. एक्स्. हें नांव आलें. पुढें २००८ सालीं बीजिंग येथें ही शर्यत ऑलिंपिक खेळांत दाखल झाली. तेथें पुरुषांत लाटव्हियाचा मारिस श्ट्रोमबर्ग्स व स्त्रियांत फ्रान्सची आन-कॅरोलीन शोसाँ यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. तेरा वर्षांच्या एका मुलाच्या खटपटीला अडतीस वर्षांत एवढें फळ आलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि विद्यार्थिनींनींहि, ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

उडीवरून खालीं आपटणाऱ्या सायकलीचा सारा भार चाकांवर पडतो. साध्या चाकांच्या रिमा वांकत आणि आरे तुटत. कारखानदारांनीं यावर निरनिराळे उपाय योजिले. कोणी ओतीव धातूचीं चाकें केलीं. कॅलिफोर्नियांतीलच स्कायवे कंपनीनें कांचतंतु मिसळलेल्या नायलॉनचें, मोजक्या जाड आऱ्यांचें चाक काढलें. तें 'टफ व्हील' या नांवानें प्रसिद्ध झालें. शर्यतीच्या खेळाडूंनीं हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमा पसंत केल्या, तर कसरती करणाऱ्यांसाठीं ४८ आऱ्यांचीं जड, भक्कम चाकें आलीं. यांतील प्रत्येक चाक कोणत्या तरी गरजेला दिलेलें उत्तर होतें. आपली गरज कोणती हें न ठरवितां दुसऱ्याचें उत्तर उचलणें म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढविण्यासारखें आहे.

आतां पहिला विचार असा कीं, जुनीं चाकें खरोखरच निकामी झालीं आहेत काय? सायकल उलटी करून चाक हातानें फिरवावें व ब्रेकच्या रबरापाशीं नजर ठेवावी. रिम डावी-उजवीकडे डोलत असेल तर तिला आउट आहे असें कारागीर म्हणतात. सायकलीचें चाक आऱ्यांच्या ताणावर उभें असतें. एका बाजूचे आरे ढिले पडले म्हणजे रिम दुसऱ्या बाजूला ओढली जाते. आऱ्यांच्या टोंकांशीं असलेल्या बारीक चाव्या थोड्याथोड्या फिरवून हा आउट काढतां येतो, आणि त्याला नव्या चाकाची गरज नसते. मग चाक धरून बाजूला हलवून पाहावें. खडखड होत असेल तर तुंब्यांतील, म्हणजे हबमधील, छर्रे किंवा कोन झिजलेले असतात. तेहि स्वतंत्र बदलतां येतात. परंतु रिमेला चीर गेली असेल, तिची कड आंत चेपली असेल, ब्रेकच्या घर्षणानें तिची भिंत खोलगट झाली असेल, किंवा गंजानें ती आरपार खाल्ली असेल, तर त्या रिमेचा मोह सोडावा. मधला तुंबा उत्तम असेल तर त्याच तुंब्यावर नवी रिम व नवे आरे बांधून घेणें हा कित्येकदां सर्वांत शहाणपणाचा मार्ग असतो, कारण त्यांत पुढें सांगितलेल्या पुष्कळ अडचणी उद्भवतच नाहींत.

पूर्ण चाकच घ्यावयाचें ठरलें तर मापाकडे वळावें. 'वीस इंची चाक द्या' एवढें म्हणून भागत नाहीं, कारण वीस इंच हें नांव आहे, माप नव्हे. टायरची कड रिमेवर जेथें बसते तेथील व्यास हें खरें माप होय. बी. एम्. एक्स्. च्या नेहमींच्या चाकांत हा व्यास ४०६ मिलिमीटर असतो, व त्याच्या टायरवर २० × १.७५, २० × १.९५ किंवा २० × २.१२५ असे आंकडे असतात. लहान व हलक्या मुलांच्या शर्यतीच्या सायकलींना अरुंद टायर असतात. त्यांवर २० × १ १/८ किंवा २० × १ ३/८ असें लिहिलेलें असतें, आणि त्यांच्या रिमेचा व्यास ४५१ मिलिमीटर भरतो. दोन्ही 'वीस इंचीच', पण व्यासांत ४५ मिलिमीटरांचा फरक! अशी रिम चुकून बसविली तर तिची कड साडेबावीस मिलिमीटर वर जाईल व ब्रेकचें रबर रिमेऐवजीं आऱ्यांवर येईल.

गणिताच्या विद्यार्थ्यांना याहून चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट आहे. एक पूर्णांक तीन चतुर्थांश आणि १.७५ या संख्या समान आहेत, हें आपण वर्गांत शिकतों. परंतु २० × १.७५ असें लिहिलेल्या टायरची रिम ४०६ मिलिमीटरची, तर श्विन कंपनीच्या मुलांच्या कांहीं जुन्या सायकलींच्या २० × १ ३/४ असें लिहिलेल्या टायरची रिम ४१९ मिलिमीटरची असते. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाहीं. गणित येथें खोटें पडत नाहीं. दोन निराळ्या मापपद्धतींनीं दोन निराळ्या वस्तूंना सारखें नांव दिलें, एवढेंच. यावरून घ्यावयाचा नियम सोपा आहे: दशांशाच्या जागीं दशांश व अपूर्णांकाच्या जागीं अपूर्णांक, आणि शक्य तेथें टायरवर '४७-४०६' अशा प्रकारें छापलेला मिलिमीटरचा आंकडाच प्रमाण मानावा.

दुसरें माप आंसाचें. जुन्या सायकलींचा आंस बहुधा ३/८ इंच, म्हणजे सुमारें साडेनऊ मिलिमीटर जाड असतो. स्वस्त सायकलींच्या पुढील चाकाचा ५/१६ इंचहि असतो. पुढें कसरतीच्या सायकलींना १४ मिलिमीटर जाडीचे आंस आले. जाड आंस जुन्या सांगाड्याच्या खांचेंत शिरत नाहीं. अशा वेळीं कानस घेऊन खांच रुंद करूं, असा सल्ला देणारा कोणी ना कोणी भेटतोच. तो ऐकूं नये. ज्या पत्र्यावर स्वाराचा भार पडतो तोच पत्रा कानशीनें कमी करणें म्हणजे घराचा वांसा तासून खिडकी मोठी करण्यासारखें आहे. याच वेळीं चिमट्याच्या दोन टोंकांतील अंतरहि मोजावें. तें पुढें बहुधा १०० व मागें ११० मिलिमीटर असतें; नव्या चाकाचा तुंबा तेवढाच रुंद पाहिजे. शिवाय हल्लींचे फार रुंद टायर जुन्या सांगाड्याच्या मागील नळ्यांत घांसतात, हेंहि आधींच पाहून ठेवावें.

तिसरी गोष्ट दांत्यांची. येथें पुष्कळजण फसतात. जुन्या बी. एम्. एक्स्. ला पुढें ४४ दांत्यांचें चक्र व मागें १६ दांत्यांचें फ्रीव्हील ही जोडी सर्रास असे. ४४ ला १६ नीं भागलें तर २.७५ येतात, म्हणजे पेडलाच्या एका फेऱ्यांत मागील चाकाचे पावणेतीन फेरे होतात. वीस इंची चाकाचा परीघ सुमारें १.६ मीटर धरला तर सायकल एका फेऱ्यांत ४.४ मीटर जाते. अलीकडील सायकलींत पुढें २५ व मागें ९ दांते असतात. त्यांचा भागाकार २.७८, म्हणजे जवळजवळ तोच. चक्रें लहान झालीं, प्रमाण तेंच राहिलें. आतां जुन्या सायकलीचें ४४ दांत्यांचें चक्र तसेंच ठेवून तिला ९ दांत्यांचें नवें चाक लाविलें तर काय होईल? भागाकार ४.८९ येईल, आणि एका फेऱ्याला सायकल सुमारें ७.८ मीटर ओढावी लागेल. सपाट रस्त्यावरहि मुलाचे पाय भरून येतील. चढावर तर उतरून चालावें लागेल. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, हा प्रभु येशूचा दृष्टांत आमच्या शाळेंत सर्वांच्या परिचयाचा आहे. ठिगळ चांगलें असतें व वस्त्रहि चांगलें असतें. पण दोहोंचा मेळ नसल्यामुळें फाटतें तें वस्त्रच.

आतां आम्ही सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतों, तो म्हणजे ब्रेकचा. मुलांच्या कित्येक जुन्या सायकलींना हातानें दाबावयाचा ब्रेकच नसतो. पेडल उलट फिरविलें कीं मागील तुंब्यांतील ब्रेक लागतो. अशा सायकलीचें मागील चाक काढून साधें फ्रीव्हीलचें चाक बसविलें म्हणजे चाकाबरोबर तिचा एकुलता एक ब्रेकहि निघून जातो! घरच्यांना चाक बदललें एवढेंच दिसतें. ब्रेक गेला हें पहिल्या उतारावर कळतें. म्हणून अशा सायकलीला एक तर त्याच जातीचा तुंबा असलेलें चाक घ्यावें, किंवा सांगाड्याला हातब्रेक बसविण्याची सोय आहे याची खात्री करून, तो बसविल्यावरच ती रस्त्यावर आणावी.

हातब्रेक असेल तेथें रिमेची धातु विचारांत घ्यावी लागते. चकचकीत मुलामा दिलेली पोलादी रिम दिसण्यांत राजबिंडी असते आणि स्वस्तहि पडते. परंतु ती ओली झाली कीं ब्रेकचें रबर तिच्यावरून निसटतें आणि सायकल थांबण्यास फार अंतर घेते. ॲल्युमिनियमची रिम ओली असतांनाहि रबराला पुष्कळ अधिक धरते, आणि वजनांतहि हलकी असते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागांत पाऊस थोडा. तेथील मुलाला हा भेद क्वचितच जाणवेल. आपल्याकडे मात्र शाळा उघडते ती मृगाच्या सुमारास, आणि पुढील चार महिने मुलें ओल्या रस्त्यानेंच शाळेंत येतात. कोंकणांतील किंवा घाटमाथ्यावरील पालकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. हल्लीं कसरतीसाठीं विकल्या जाणाऱ्या कांहीं चाकांच्या रिमांना सबंध रंग दिलेला असतो, कारण ते खेळाडू पुष्कळदां ब्रेकच ठेवीत नाहींत. ज्या रिमेची बाजू सपाट व ब्रेकसाठीं मोकळी नाहीं, ती शाळेच्या वाटेवर कामाची नाहीं.

नायलॉनच्या चाकांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण मुलांचा जीव त्यांवर विशेष जडतो. तीं गंजत नाहींत, त्यांचे आरे तुटून पडत नाहींत, आणि रंगहि मोहक असतात. परंतु त्यांच्यासाठीं ब्रेकचीं रबरें वेगळीं घ्यावीं लागतात. आणि असें चाक एकदां वांकलें कीं आऱ्यांच्या चाव्या फिरवून तें सरळ करण्याची सोय त्यांत नाहीं. तारांचें चाक मात्र गांवांतील कोणताहि हुशार कारागीर एका पान्यानें पुन्हा रेषेंत आणूं शकतो. जी वस्तु आपल्या गांवांत दुरुस्त होते तीच विद्यार्थ्याची खरी वस्तु, असें आम्हांस वाटतें.

आऱ्यांच्या संख्येबद्दलहि तेंच. आपल्याकडील जुन्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीला पुढें ३२ व मागें ४० आरे असत, कारण भार मागें अधिक पडतो. दुधाच्या बरण्या व धान्याचीं पोतीं वाहणाऱ्या सायकलीचें काम ४० आऱ्यांवर भागलें, तर शाळकरी मुलाला ४८ आरे कशाला हवेत? अधिक आरे म्हणजे अधिक वजन, आणि तुटले तर तितक्याच भोंकांची रिम शोधण्याची अधिक यातायात. म्हणून रोजच्या वापरासाठीं आमची शिफारस साधी आहे: ४०६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची रिम, ३६ आरे, जुन्या आंसाच्याच जाडीचा आंस, आणि जुन्या चक्राशीं जुळणारें १६ दांत्यांचें फ्रीव्हील. मात्र अरुंद टायरच्या किंवा पायब्रेकच्या सायकलीला तिचें स्वतःचें माप व तुंबा सोडूं नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, जुनी सायकल जशीच्या तशी राखण्यांतच तिचें मोल आहे. नव्या चाकांनीं तें नष्ट होतें. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. १९७० व १९८० नंतरच्या दशकांतील कांहीं सायकली आज परदेशांतील संग्राहक फार जपतात, व मूळचीं चाकें असतील तर त्यांची किंमत वाढते. म्हणून काढलेलीं मूळ चाकें भंगारांत न देतां पुसून, तेल लावून, कोरड्या जागीं टांगून ठेवावीं. पण मुलाला शाळेंत पोंचविणें हें जिचें काम आहे, तिच्यावर संग्रहालयाचे नियम लादूं नयेत. दुसरा आक्षेप खर्चाचा: मूल दोन वर्षांत उंच होईल, मग एवढी उठाठेव कशाला? त्याला आमचें उत्तर असें कीं, ज्या सायकलीची चाकें नीट जुळलीं आहेत ती त्यानंतर आणखी एका धाकट्याला देतां येते. जिचीं जुळलेलीं नाहींत ती पुन्हा जिन्याखालींच जाते, आणि तिच्याबरोबर चाकांचे पैसेहि जातात.

राहतां राहिला प्रश्न, ही निवड कोणी करावी? आमच्या मतें मुलानें किंवा मुलीनें करावी, आणि वडिलांनीं शेजारीं उभें राहून पाहावी. पालकांनीं पैसे हातांत देण्यापूर्वीं एक पट्टी व एक वही द्यावी. त्या वहींत टायरवरील आंकडे, आंसाची जाडी, चिमट्यांतील अंतर, पुढील व मागील दांते, आणि ब्रेकचा प्रकार हीं पांच टिपणें मुलानें स्वतःच्या हातानें लिहावीं. तीं घेऊनच दुकानांत जावें. दुकानदार प्रामाणिक असेल तर त्याचें काम सोपें होईल. तसा नसेल तर वही पाहून तो जपून बोलेल. जें मूल पांच मापें नीट घेऊं शकतें, त्याला परिघाचें सूत्र व भागाकार यांचा उपयोग काय, हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, नव्या चाकाची चमक पहिल्या पावसांत चिखलानें झांकली जाईल. रस्त्यावर अचानक कोणी आडवें आलें असतां सायकल ज्या टप्प्यावर उभी राहील, तेथेंच तुमच्या निवडीची परीक्षा होईल. त्या परीक्षेची तयारी उन्हाळ्याच्या सुटींतच, पट्टी व वही घेऊन करा, एवढेंच आमचें सांगणें आहे.